निळ्या पुस्तकावरची चिठ्ठी

मित्रांनो, कळमनुरीच्या बाजारातून नांदेड रस्त्याकडे चालत निघालात की डाव्या हाताला ‘प्रेमानंद बुक डेपो’ नावाचं दुकान लागतं. त्याच्या दाराशी तारेचा एक उंच स्टँड उभा आहे. बोट लावलं तरी तो गोल फिरतो आणि फिरताना कुरकुरतो. रंग हिरवा होता, आता बराचसा गंजाचाच उरला आहे. तोच मी. मला चार बाजू आहेत, पण त्यांतली पुढची कोणती आणि मागची कोणती हे मला आजवर कळलेलं नाही. त्यामुळे स्वतःची गोष्ट सांगताना माझा थोडा गोंधळ उडाला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म हिंगोलीत झाला, ओमप्रकाश नावाच्या कारागिराच्या वेल्डिंगच्या दुकानात. तिथे फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असलं दणकट काम चाले. माझ्यासारखी नाजूक वस्तू ओमप्रकाशनं त्याआधी कधी केली नव्हती. पत्र्याचा गोल पाया, मधोमध नळी, नळीत बेअरिंग आणि चारही बाजूंना तारेचे कप्पे, वरून खाली सहा-सहा. काम झाल्यावर त्यानं मला उभं केलं, एक टिचकी मारली आणि मी फिरून थांबेपर्यंत तो बघत राहिला.

“बराबर फिरून राहिला,” तो स्वतःशीच म्हणाला.

आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पण मी कशासाठी फिरायचं, हे त्यानं मला सांगितलं नाही.

मला एका भेटवस्तूंच्या दुकानात नेलं. तिथे माझ्या कप्प्यांत शुभेच्छापत्रं असत. दिवाळीची, वाढदिवसाची, लाल बदाम काढलेली. पोरं-पोरी मला फिरवत, एकेक कार्ड उघडून वाचत आणि लाजून परत ठेवत. मला वाटलं, आपण शुभेच्छांचा स्टँड आहोत. मग हळूहळू सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. शुभेच्छा फुकट जाऊ लागल्या आणि कार्डं पिवळी पडली. दुकानदारानं ती काढून माझ्यावर गॉगल लावले. गॉगल कप्प्यातून घसरून पडत. मग मोबाईलची कव्हरं आली. मग ती टांगायला भिंतीवर खिळे मारले आणि माझी गरज संपली. दुकानामागच्या बोळात मी दोन पावसाळे काढले. तू कशाचा स्टँड आहेस, असं त्या काळात मला कोणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.

तिथून मला साधनाताईंनी आणलं.

साधनाताई म्हणजे प्रेमानंदरावांच्या सूनबाई. प्रेमानंदरावांचा बुक डेपो जुना. वह्या, पाठ्यपुस्तकं, गाईड, कंपासपेट्या, नकाशे असा सगळा शाळेचा माल. जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसे आणि एकदा शाळा मार्गी लागल्या की दुकान सुनं सुनं. साधनाताई लग्न होऊन आल्या, त्या दोन वर्षांतच गल्ल्यावर बसू लागल्या. वाचनाचं त्यांना भलतंच वेड. पुण्याहून, छत्रपती संभाजीनगरहून त्या नव्या पुस्तकांची पार्सलं मागवू लागल्या. कादंबऱ्या, कविता, लेकरांची चित्रांची पुस्तकं, विज्ञानाची, प्रवासाची. पुस्तकं मांडायला त्यांना मी हवा होतो.

प्रेमानंदरावांना हे काही पटलेलं नव्हतं. मला दाराशी बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पुस्तक काय मेथीची जुडी हाय व्हय, ताजी आली ताजी आली म्हणून दारात मांडायला?”

“मामा, नवं पुस्तक निघालं हे माणसाला कळाया तर पाहिजे,” साधनाताई म्हणाल्या. “कळलंच न्हाई, तर मागंल कोण?”

साधनाताईंची एक रीत होती. स्वतः वाचल्याशिवाय त्या एकही पुस्तक माझ्यावर ठेवत नसत. दुपारी बाजार सुस्तावला की त्या स्टुलावर बसून वाचत. मध्येच एकट्याच हसत, मध्येच पान मिटून रस्त्याकडे बघत बसत. आलेलं गिऱ्हाईक बिचारं गोंधळून उभं राही. वाचून झालं की त्या सासऱ्यांना गोष्ट सांगत. मला अक्षर कळत नाही, पण ऐकू येतं. म्हणून माझ्यावरच्या प्रत्येक पुस्तकात काय आहे, हे मला ठाऊक असे. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं त्या चिठ्ठी लिहीत, मोठ्यानं वाचून बघत आणि पुस्तकासमोरच्या तारेच्या चिमट्यात खोवत.

त्या चिठ्ठ्या मला आजही पाठ आहेत. ‘विहिरींचा इतिहास. पहिली वीस पानं कोरडी आहेत, मग पाणी लागतं.’ ‘यात भूत आहे, पण फार बोलतं, त्यामुळे भीती वाटत नाही. पाचवीच्या पुढे.’ ‘कविता. एका दिवशी दोनच वाचाव्यात.’ एका जाडजूड पुस्तकावर तर लिहिलं होतं, ‘मला कळलं नाही. तुम्हाला कळलं तर येऊन सांगा.’ ते पुस्तक तीन दिवसांत गेलं. का गेलं, ते मला समजलं नाही.

माझ्या चार बाजू त्यांनी पाट्या लावून वाटून दिल्या होत्या. एक बाजू लहान लेकरांची, एक शाळा-कॉलेजातल्या मुलांची, एक संसारी माणसांची आणि एक निवांत झालेल्या म्हाताऱ्यांची. मला फार बरं वाटलं. चला, एकदाचं आपलं काम ठरलं. पण लोक काही त्या वाटणीप्रमाणे वागेनात.

जवळच्या तांड्यावरून धनसिंग नावाचे आजोबा यायचे. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. पहिल्यांदा आले ते नातीसाठी, पुजासाठी, नववीचं गाईड न्यायला. पुजा गाईड बघत होती, तोवर यांनी मला फिरवलं आणि लेकरांच्या बाजूचं मुंग्यांचं पुस्तक काढलं. त्यात वारुळाचं उभं कापलेलं मोठं चित्र होतं. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरून आजोबा कितीतरी वेळ उभे राहिले.

“ताई, हे लेकराच्या बाजूला काहून ठेवलं? हे तर मलाच पाहिजे. जिंदगीभर वारुळाच्या बाजूनं नांगर वळवला, आत काय हाय ते आज दिसलं.”

“कुठंतरी ठेवायचं म्हणून तिथं ठेवलं, काका,” साधनाताई हसून म्हणाल्या. “न्यायचं कोणी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.”

आणि पुजानं काय न्यावं? म्हाताऱ्यांच्या बाजूचं, एका बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या आठवणींचं पुस्तक. मी बुचकळ्यात पडलो. कुरकुरलोसुद्धा, पण मी नेहमीच कुरकुरतो, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

साधनाताईंवर भरवसा ठेवणाऱ्यांत एक आशाबाई होत्या. सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. पहिल्यांदा तक्ते आणि रंगीत खडू न्यायला आल्या आणि जाताना चिठ्ठी वाचून एक पुस्तक घेऊन गेल्या. मग महिन्या-दीड महिन्याला येऊ लागल्या. फार बोलत नसत. घरचं तर कधीच काही बोलल्या नाहीत. चिठ्ठ्या मात्र ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाचत आणि मला अगदी सावकाश फिरवत. त्या फिरवत तेव्हा मी कुरकुरत नसे.

आता ज्या दिवशी सगळा घोटाळा झाला, तो दिवस सांगतो.

त्या आठवड्यात दोन नव्या कादंबऱ्या आल्या होत्या. दोन्हींची कव्हरं निळी. एकीत साठीला आलेली एक बाई घरच्यांना न सांगता स्कूटर शिकते आणि सगळ्या गावाची त्रेधा उडवते. तिच्यावर चिठ्ठी होती, ‘हसून हसून पोट दुखेल. उदास वाटत असेल तर हेच न्या.’ दुसरीत एका आईची गोष्ट होती. तिचा मुलगा आजारपणात जातो आणि ती मात्र रोज सकाळी त्याची पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवत राहते. तिच्यावर चिठ्ठी होती, ‘फार सुंदर, पण जड. रुमाल जवळ ठेवा.’

बाजाराचा दिवस होता. हळदीच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो रस्त्यानं धुरळा उडवत जात होते, दुकानात गर्दी होती. बाजाराला आलेल्या चार-पाच लेकरांनी मला गरगरा फिरवायला सुरुवात केली. मला फिरायला आवडतं, मी खोटं सांगणार नाही. मीही फिरलो. पण माझे चिमटे तोवर सैल पडले होते. दोन चिठ्ठ्या सुटल्या आणि जमिनीवर पडल्या. साधनाताई आत एका शाळेच्या वह्या मोजून देत होत्या. चिठ्ठ्या उचलल्या त्या प्रेमानंदरावांनी. चष्मा कपाळावर होता. एक चिठ्ठी इकडच्या निळ्या पुस्तकाला, दुसरी तिकडच्या निळ्या पुस्तकाला. झालं.

मला समजलं होतं, मित्रांनो. पण तारेला कुठली आली जीभ?

तासाभरात दोन्ही पुस्तकं गेली. एक धनसिंग आजोबांनी उचललं. दुसऱ्यासाठी आशाबाई आल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा ओढलेला होता. गर्दीतूनच त्यांनी आत आवाज दिला.

“ताई, आज हसायचं काहीतरी द्या. रडायचं नको. बिलकूल नको.”

“ते निळं बघा, आशाताई,” साधनाताई आतूनच ओरडल्या. “चिठ्ठी वाचा आणि डोळे झाकून न्या.”

आशाबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून घातली आणि त्या पुस्तक घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी ते निळं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि चिठ्ठी बाहेर काढून त्याच्यावर ठेवली.

“हे तुमचंच अक्षर हाय ना?”

साधनाताईंनी चिठ्ठी पाहिली, पुस्तक पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला.

“आशाताई, ही चिठ्ठी याची न्हाई. माझ्याकडून चुकीच्या पुस्तकाला...”

“माझा पोरगा गेला, दोन वर्षं झाली,” आशाबाई मध्येच म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. “तापानं गेला. अकरा वर्षांचा होता. त्याचा डबा मी अजून रोज घासून पालथा घालते. नवऱ्याला माहीत न्हाई, सासूला माहीत न्हाई. त्या बाईची बाटली वाचली आणि माझे हातपाय गार पडले. असं वाटलं, कोणीतरी खिडकीतून माझ्या घरात बघून राहिलंय.”

साधनाताई काउंटरमागून बाहेर आल्या. प्रेमानंदराव गल्ल्यावर तसेच बसून राहिले.

“मी तुमच्यावर इसवास ठेवला होता, ताई. मी हसायचं मागितलं होतं.”

एवढं बोलून त्या गेल्या. साधनाताई पायऱ्यांपर्यंत मागे धावल्या, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी साधनाताईंनी माझ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. एकेक काढली, फाडली आणि रद्दीच्या पोत्यात टाकली. ते निळं पुस्तक त्यांनी कपाटात, नकाशांच्या मागे ठेवलं. मला दारातून उचलून आत कोपऱ्यात नेलं. काही दिवसांनी माझ्या कप्प्यांत बॉलपेनं, खोडरबरं आणि प्लास्टिकची कव्हरं आली. म्हणजे मी आता बॉलपेनांचा स्टँड झालो होतो. मला कोणी रागावलं नाही, कोणी दोष दिला नाही. तेच जास्त लागलं. चूक माझ्या चिमट्यांचीही होती आणि शिक्षा साधनाताई भोगत होत्या.

नवी पुस्तकं थोडीफार आली, पण ती फळीवर पाठ करून उभी राहिली. कोणी विचारलं, “ताई, काय वाचू?” तर त्या म्हणत, “तुमीच बघा.” लोक फळीसमोर उभे राहत, मान वाकडी करून नावं वाचत आणि गाईड घेऊन जात. पुजा एकदा सायकलवरून आली, रिकाम्या हातानं परत गेली. जाताना तिनं मला एक गिरकी दिली. बॉलपेनं खाली सांडली, ती तिनं मुकाट्यानं उचलून ठेवली. दुपारी साधनाताई वाचत नसत. रस्त्याकडे बघत बसत. त्या चांगल्या होत्या की वाईट, हुशार होत्या की निष्काळजी, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं असावं. मला तर कळतच नव्हतं.

अशात एके दिवशी धनसिंग आजोबा दुसरं निळं पुस्तक घेऊन आले. चेहरा अपराधी माणसासारखा.

“ताई, रागावू नका. मला एक तकलीफ झाली.”

“काय झालं, काका?”

“तुमी चिठ्ठीत लिहिलं, रुमाल जवळ ठेवा. मी ठेवला. पुजाकडून वाचून घेतलं, मग अटकत अटकत मी बी वाचलं. ती बाई स्कूटरवरून उकिरड्यात काय पडती, पोलीस पाटलाच्या म्हशीला काय धडकती. मी हसून राहिलो, पोरगी हसून राहिली, तांड्यावरची माणसं जमा झाली. आता रडू येईल, मग येईल म्हणून रुमाल धरून बसलो. पुस्तक संपलं, रडू काही आलं न्हाई. आमचं डोकं फिरलं का काय? का म्हातारपणी काळीज दगडाचं झालं?”

कितीतरी दिवसांनी साधनाताईंच्या ओठांवर हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. “न्हाई काका, तुमचं काळीज चांगलं हाय. मी चिठ्ठी चुकीची लावली.”

“तुमी कुठं लावली?” धनसिंग आजोबा चकित होऊन म्हणाले. “चिठ्ठ्या पडल्या तवा मी इथंच व्हतो की. ह्या मालकांनी उचलून खोवल्या. चष्मा कपाळावर आन् चिठ्ठी हातात.”

प्रेमानंदरावांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. त्यांनी तो खाली ओढला, सुनेकडे पाहिलं आणि परत काढून हातात धरला.

“साधना,” ते म्हणाले, “मला आठवूनच न्हाई राहिलं गं. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, कुठं बी खोवली तर काय बिघडतं, असं वाटलं असंल मला.”

“जाऊ द्या, मामा.”

“जाऊ कसं द्यायचं? ती बाई तुझ्याच नावानं घाव घेऊन गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंदरावांनी धोतर नेसलं, धनसिंग आजोबांनी मागे ठेवलेलं स्कूटरवाल्या बाईचं पुस्तक पिशवीत घातलं आणि ते एसटीनं आशाबाईंच्या गावाला गेले. साधनाताईंनी “मी येते” म्हटलं, तर ऐकेनात. दिवसभर त्या आत-बाहेर करत होत्या. मी कोपऱ्यात बॉलपेनं घेऊन उभा होतो. पुढं काय होईल, याचा मला काही अंदाज येत नव्हता.

उन्हं कलता कलता ते परत आले. पिशवी तशीच भरलेली. स्टुलावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले.

“घेतलं न्हाई तिनं,” ते म्हणाले.

साधनाताईंनी मान खाली घातली.

“ऐक तर. मी म्हणलं, बाई, चूक माझी, माझ्या सुनेची न्हाई. हात जोडले. तिनं चहा केला. मग हे पुस्तक बघितलं आन् म्हणली, हे नको बाबा. ते दुसरं परत द्या. माझं अर्धंच झालं व्हतं.”

“कोणतं दुसरं?”

“तेच. बाटलीवालं.” प्रेमानंदरावांनी सुनेकडे असं पाहिलं, की जणू तीच आता त्यांना उकलून सांगणार होती. “ती म्हणली, आमच्या घरात दोन वर्षांत कोणी त्याचं नाव घेतलं न्हाई. माझ्यासमोर घ्यायचं न्हाई, असं ठरवलंय सगळ्यांनी. त्या पुस्तकातली बाई पुढं काय करती, ते मला बघायचंय. मला काही समजलं न्हाई, साधना. जे पुस्तक बघून तिचे हातपाय गार पडले, तेच ती मागून राहिली.”

मित्रांनो, मलाही समजलं नाही. माझं डोकं असतं तर ते गरगरलं असतं. चुकीची चिठ्ठी म्हणजे चुकीचं पुस्तक, एवढा साधा हिशोब होता. आणि आता तेच पुस्तक बरोबर कसं झालं? मग आमची चूक ही चूक नव्हती का? पण आशाबाईंचा तो सपाट आवाज मी ऐकला होता. ती चूक नव्हती, असं म्हणायला माझं मन धजेना.

पुढच्या बाजाराला आशाबाई आल्या. साधनाताईंनी कपाटातल्या नकाशांमागून पुस्तक काढलं आणि विचारलं, “त्याचं नाव काय होतं, ताई?”

आशाबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला. ते नाव उच्चारायची सवय मोडली असावी.

“माऊली,” त्या म्हणाल्या. मग परत, जरा मोठ्यानं, “माऊली. ट्रॅक्टरची चित्रं काढायचा. भिंती भरवून टाकल्या होत्या.”

घरी सगळ्यांसमोर ते वाचता येत नाही, म्हणून त्या दुकानातच बसल्या. प्रेमानंदरावांनी स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसले. माझ्या शेजारीच ती खुर्ची होती. एकदा त्यांचा पदर माझ्या तारेला अडकला, तो त्यांनी हलकेच सोडवला. तीन बाजार त्या अशा येत राहिल्या. पान उलटताना कधी थांबत, कधी डोळे पुसत. एकदा तर चक्क हसल्या. एवढ्या दुःखाच्या गोष्टीत हसण्यासारखं काय होतं, ते मी कितीही आठवलं तरी मला सापडलं नाही. मधेच त्या माऊलीबद्दल काहीबाही सांगत. साधनाताई हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत. प्रेमानंदराव पेनं पुसल्यासारखं करत, पण ऐकत तेही असत.

तिसऱ्या बाजाराला पुस्तक संपलं. आशाबाईंनी ते मिटलं आणि काही वेळ मांडीवर ठेवलं.

“ताई, चिठ्ठ्या काहून बंद केल्या?”

“भीती वाटते,” साधनाताई म्हणाल्या. “कोणाच्या घरात काय चाललंय, मला काय दिसतंय? मी आपली सांगणार, हे वाचा, ते वाचा. एखाद्याला कुठं लागेल, याचा नेम न्हाई.”

“मग आमी कोणाला विचारायचं?”

आशाबाईंनी गल्ल्यावरची एक जुनी लग्नपत्रिका ओढली, तिची कोरी बाजू वर केली आणि स्केचपेन मागितलं. अंगणवाडीतल्या लेकरांसाठी तक्ता लिहावा, तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं.

‘हे पुस्तक आपण होऊन कोणाला देऊ नये. कोणी मागितलं, तर काहून म्हणून विचारू नये. लगेच द्यावं आणि बसायला खुर्ची द्यावी.’

प्रेमानंदराव उठले. त्यांनी माझ्यावरची बॉलपेनं, खोडरबरं एका खोक्यात भरली, एका हातानं माझी नळी आणि दुसऱ्या हातानं पाया धरला आणि मला परत दाराशी आणलं. हळदीचा वास, टेम्पोचे हॉर्न, बाजाराचा कलकलाट पुन्हा अंगावर आला. त्यांनी पकडीनं माझे सगळे चिमटे आवळले. मग साधनाताई ते निळं पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकदा मला फिरवलं, दोनदा फिरवलं. लेकरांची बाजू, पोरांची, संसारी माणसांची, म्हाताऱ्यांची. पुस्तक कुठं ठेवावं, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी बाजूंवर लावलेल्या चारही पाट्या काढून टाकल्या.

आता माझ्यावर पुस्तकं मिसळून असतात. भुताशेजारी कविता, कवितेखाली विहिरी. धनसिंग आजोबा येतात, पुजा येते, कोणी परीक्षेचं गाईड न्यायला येतं आणि मला फिरवत उभं राहतं. प्रेमानंदराव अलीकडे चष्मा डोळ्यांवर ठेवून कादंबऱ्या वाचतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवट सांगून टाकतात. त्यावरून सासरे-सुनेचं रोज वाजतं. आणि मी कशाचा स्टँड आहे, हे मला विचाराल, तर आता मी म्हणेन की मला नक्की माहीत नाही, पण आता त्याची तकलीफ वाटत नाही.

बालमित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेल. तिथे स्वतः वाचून, विचार करून कोणीतरी तुमच्यासाठी पुस्तक काढून ठेवत असेल. त्या माणसाला तुमचं घर दिसत नाही, तुमचं मन दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पुढे आलेला तुमचा हात. म्हणून पुस्तक वाचून झालं की परत जा आणि कसं वाटलं ते त्याला सांगा. आवडलं असेल तरी सांगा, नावडलं तरी सांगा. कुठे लागलं असेल, तर ते जरूर सांगा. आणि जाताना माझ्यासारखा एखादा दाराशी उभा असेल, तर त्याला जरा हळू फिरवा.